कुत्रा फिरवायला माणूस शोधताय? असं करा

वही-पेन घ्या आणि कुत्र्याला शेजारी बसवा. सोसायटीत राहणाऱ्या, दिवसभर घरी एकट्या असणाऱ्या कुत्र्यासाठी माणूस कसा निवडायचा ते आपण एकेक पायरीने बघू. आठ-दहा दिवस हाताशी ठेवा आणि पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

१. कुत्र्याची माहिती एका पानावर लिहा. वय, वजन, नसबंदी झाली आहे की नाही, लिफ्टमध्ये कसा वागतो, स्कूटर दिसली की झेपावतो का, रस्त्यावर पडलेलं खातो का, हे सगळं येऊ द्या. मादी असेल तर ती माजावर कधी येते तेही लिहा. सावधान: पूर्वी कुणाला चावला असेल तर ते अजिबात लपवू नका. पट्टा धरणाऱ्याला ते आधी कळायलाच हवं.

२. लसींचं पुस्तक उघडून तारखा तपासा. रेबीजची लस तर हवीच. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून त्याचीही तारीख बघा. लस थकली असेल तर आधी जनावरांचे डॉक्टर, मग पुढची पायरी.

३. फिरण्याची वेळ ठरवा. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. तळहाताची मागची बाजू डांबरावर ठेवून सात आकडे मोजा. हात ठेववला नाही तर त्याचे पंजेही भाजणार. सावधान: पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला उन्हाचा त्रास फार लवकर होतो. माणसाच्या सोयीसाठी दुपारची वेळ कबूल करू नका.

४. तीन नावं मिळवा. तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात विचारा, मग इमारतीतल्या कुत्रेवाल्यांना, मग वॉचमनकाकांना. रोज कोण कशी कुत्री फिरवतं ते त्यांच्याइतकं कुणी पाहत नाही.

५. तिघांना फोन करून हेच तीन प्रश्न विचारा: एका वेळी किती कुत्री नेता? स्वतः येणार की दुसऱ्या कुणाला पाठवणार? पट्टा सुटून कुत्रा पळाला तर काय करता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. ‘मागे धावतो’ म्हणणाऱ्याच्या नावापुढे फुली मारा, कारण मागे धावलं की कुत्रा आणखी लांब पळतो. ‘खाली बसून हाक मारतो’ किंवा ‘उलट दिशेला चालू लागतो’ म्हणणारा जाणकार. सावधान: चार-पाच कुत्री एकत्र नेणारा नको, पैसे कितीही कमी घेवो.

६. उरलेल्यांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याचा कुत्रा फिरवताना लांबून पाहा. ही पायरी कधीच गाळू नका. त्याची नजर कुठे आहे? कुत्र्यावर आणि पुढच्या रस्त्यावर असेल तर छान, मोबाईलवर असेल तर तिथूनच परत फिरा. पट्टा सैल आहे की सारखे हिसके बसतायत? हुंगायला थांबू देतो का? हुंगणं हा कुत्र्याच्या फिरण्यातला निम्मा आनंद आहे आणि तो तोडणारा माणूस मला चालत नाही. सावधान: कुत्र्याला खांबाला बांधून टपरीवर चहा प्यायला थांबणारा दिसला तर नाव खोडा.

७. आवडलेल्या माणसाला घरी बोलवा. तो आत आल्यावर तुम्ही गप्प बसा आणि कुत्र्याला आपणहून जवळ जाऊ द्या. चांगला माणूस जरा तिरका उभा राहतो, डोळ्यांत रोखून बघत नाही, डोक्यावरून हात फिरवायची घाई करत नाही. सावधान: ‘जा ना, दादाला भेट’ म्हणत कुत्र्याला पुढे ढकलू नका. तो तोंड वळवत असेल, ओठ चाटत असेल, शेपूट पायांत घेत असेल तर त्याला वेळ हवा आहे.

८. पट्टा त्यालाच घालायला सांगा. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जायला हवीत. सावधान: त्याहून सैल असेल तर कुत्रा मागे ओढ घेऊन डोकं सहज काढून घेतो.

९. पहिल्या फेरीला दहा पावलं मागून चाला. खरी परीक्षा भटकी कुत्री समोर आली की होते. जाणकार माणूस त्यांना लांबूनच हेरतो, रस्ता ओलांडतो किंवा स्वतः मध्ये येतो, आणि पट्टा न ताणता पुढे निघतो. दगड उचलणारा नको. त्या कुत्र्यांच्या गल्लीतून तुमच्या कुत्र्याला रोज जायचं आहे. सावधान: मागून सूचना देऊ नका, कुत्रा गोंधळतो.

१०. दुसऱ्या दिवशी बेल वाजल्यावर कुत्र्याकडे बघा. दाराकडे धावला तर पुढे चला. पलंगाखाली गेला तर दोन दिवस आणखी बघा. तरीही तसंच असेल तर यादीतलं पुढचं नाव घ्या.

११. आधारची प्रत आणि घरच्या एकाचा नंबर मागून घ्या. सावधान: पहिला महिनाभर घराची किल्ली देऊ नका. पुढे द्यायची झाली तर आधी पोलीस पडताळणी.

१२. ठरलेलं सगळं एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. किती मिनिटं, किती पैसे, शी कोण उचलणार, कुत्रा आजारी पडला तर कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं. पैशांचा अंदाज दोन शेजाऱ्यांना विचारून घ्या आणि आठवड्याची एक भरपगारी सुट्टी आपणहून द्या. हे कष्टाचं, जोखमीचं काम आहे. कुणाला चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठायचा, हेही कागदावर असू द्या.

१३. पहिला आठवडा प्रत्येक फेरीनंतर कुत्र्याला तपासा. पंजे, बोटांमधली जागा, कानांच्या मागे गोचीड. आल्या आल्या पाणी पितो का? तीस मिनिटं ठरलेली असताना पंधरा मिनिटांत परत येत असेल तर त्याच दिवशी बोला.

१४. सणवारांची वेळ आधीच ठरवून ठेवा. दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळची फेरी अंधार पडायच्या आत उरका. गळ्यातला पट्टा आणि हार्नेस दोन्ही घाला आणि दोन्हींना वेगळी दोरी लावा. सावधान: फटाक्याला दचकलेला कुत्रा एका दोरीला आवरत नाही.