जुन्या कापडाची टिकिटे : रद्दी की माल?

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे पूर्वी एका लहान संस्थानाची राजधानी होते. संस्थानचा मुलूख सलग नव्हता. आज सांगली जिल्ह्यात असलेले आटपाडी व कुंडल हे भागही त्यात होते. उत्पन्न बेताचे. तरीही तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर चित्रे व कलावस्तू जमविल्या आणि १९३८ साली यमाईच्या डोंगरावर त्यांच्यासाठी संग्रहालय उघडले. राजा रविवर्मा यांची मूळ चित्रे आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माय-लेकराचे शिल्प तेथे पाहावयास मिळते. संग्रह करणे म्हणजे केवळ पैसा ओतणे नव्हे. निवड, जपणूक आणि एकत्र ठेवण्याची जिद्द लागते, हे औंधने दाखविले.

व्यापाऱ्यांना याचे काय, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, कापडाच्या धंद्यातील माणसाच्या घरातही संग्रहाचा माल पडून असू शकतो. फक्त आपण त्याला रद्दी समजतो. तो माल म्हणजे जुन्या ताक्यांवरची रंगीत टिकिटे.

टिकिटे आली कोठून?

एकोणिसाव्या शतकात मँचेस्टरचे कापड हिंदुस्थानात येऊ लागले, तेव्हा गिऱ्हाइकाला इंग्रजी वाचता येत नव्हते. ते माल ओळखत असे तो चित्रावरून. म्हणून ताक्याच्या दर्शनी भागावर हत्ती, घड्याळ, जहाज, राजा किंवा देवता यांचे रंगीत चित्र चिकटवीत. बाजारात यालाच टिकिट, टिका किंवा छाप म्हणत. नकली छाप लावून हलका माल खपविणारेही होते; १८८९ साली सरकारने व्यापारी चिन्हांचा कायदा केला. पुढे मुंबईच्या गिरण्यांनीही अशी टिकिटे छापली. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांचे छापही इतिहासजमा झाले. २०२५ साली बंगळूरच्या एका कला संग्रहालयाने केवळ या टिकिटांचे प्रदर्शन भरविले. म्हणजे जाणकारांची नजर यांच्याकडे वळली आहे.

अमेरिकेतील उदाहरण

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे सिगारेटच्या पाकिटातून व पुढे च्युइंगगमबरोबर देत. पोरासोरांच्या खेळण्याची वस्तू! १९०९ ते १९११ या काळात सिगारेटबरोबर निघालेल्या होनस वॅग्नर या खेळाडूच्या कार्डाच्या साठाच्या आसपासच प्रती आज माहीत आहेत. त्यांपैकी एक २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला विकली गेली. त्याच वर्षी मिकी मँटल याचे १९५२ चे कार्ड एक कोटी सव्वीस लाख डॉलरला गेले. गंमत अशी की, १९५२ च्या त्या मालिकेची न खपलेली खोकी कंपनीने १९६० साली समुद्रात बुडविली होती. माल कमी झाला म्हणून उरलेल्याला भाव आला.

याची उलट बाजूही पाहावी. हे भाव पाहून १९९० च्या सुमारास तेथील लोकांनी नवी कार्डे खोक्यांनी विकत घेऊन ठेवली. कंपन्यांनीही बेसुमार छापली. सर्वांनीच जपून ठेवल्याने त्यांतील बहुतेकांना आज कोणी विचारीत नाही. जुने म्हणजे मौल्यवान नव्हे. दुर्मिळ, चांगल्या स्थितीतील आणि मागणी असलेले तेच मौल्यवान.

पारख आणि जपणूक

टिकिट भिंगाखाली धरावे. जुन्या दगडी छपाईत रंगाचे ठिपके ओबडधोबड, वाळूच्या कणांसारखे दिसतात; नव्या यांत्रिक छपाईत ते एका रांगेत शिस्तीने बसलेले असतात. पाठीवर गोंदाचा डाग वा कापडाचे तंतू असतील तर टिकिट ताक्यावर लागलेले होते, असे समजावे. कोरे, न वापरलेलेही मिळते. पण तेथे नकलेचा संशय जास्त, म्हणून दोनदा पाहावे.

खटाव-माणचा मुलूख अवर्षणाचा. कोकणच्या दमट हवेपेक्षा येथे कागद जास्त टिकतो. तरी कसर लागते, उन्हाने रंग उडतो. टिकिटे कोरड्या, अंधाऱ्या जागी सपाट ठेवावीत. लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये, फाटलेली कड कापून सरळ करू नये. आणि प्रत्येक टिकिटामागे ते कोणत्या गावच्या, कोणत्या दुकानातून, कधी मिळाले हे वेगळ्या वहीत लिहावे. ही वही म्हणजे मालाची अर्धी किंमत.

सौद्यातील ईमानदारी

वॅग्नरच्या सर्वांत गाजलेल्या कार्डाच्या कडा कापून ते नीटनेटके केले होते, ही गोष्ट ते विकणाऱ्याने २०१३ साली न्यायालयात कबूल केली. बरीच वर्षे लाखो डॉलर या लपविलेल्या दोषावर फिरत राहिले. आपल्याला हा धडा नवा नाही. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा प्रेषित (स.) यांनी उघड केला आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाही असे सांगितले. डाग असेल तर दाखवावा, डागडुजी केली असेल तर सांगावी, नक्कल असेल तर नक्कल म्हणूनच विकावी. लिलावात भाव चढविण्यासाठी आपलाच माणूस उभा करणे यालाही इस्लाममध्ये मनाई आहे. आणि खेड्यातल्या विधवेच्या घरी जुनी पेटी निघाली, तर तिच्या अज्ञानाचा फायदा घेऊन किलोच्या भावाने उचलणे ही तिजारत नव्हे.

टिकिटांवर माणसांची व देवतांची चित्रे असतात. त्यांच्या विक्रीबद्दल मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारूनच हात घालावा.

कायदा आणि जकात

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशा वस्तूंचा परवान्याशिवाय धंदा करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. म्हणून परदेशी गिऱ्हाईक आले तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

जकातीचा हिशेबही स्वच्छ ठेवावा. शौक म्हणून ठेवलेल्या टिकिटांवर जकात नाही. विकण्याच्या नीयतीने घेतलेली असतील तर तो व्यापारी माल झाला. निसाब व वर्ष पूर्ण होताच त्या दिवसाच्या बाजारभावावर अडीच टक्के द्यावेत.

घर चालविण्याचे पैसे यात अडकवू नयेत, कर्ज काढून तर मुळीच नको. या मालाला ठरलेला दर नाही, गिऱ्हाईक दहा वर्षांनीही मिळेल. पण दुकानाचा माळा झाडताना जुनी खोकी रद्दीवाल्याला देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत. एकट्याला जपणे जमत नसेल तर दोन-चार दुकानदारांनी मिळून एका कपाटात ठेवावीत, किंवा एखाद्या संग्रहालयाला द्यावीत. आपल्या वाडवडिलांनी कोणत्या छापाचे कापड खांद्यावर टाकून गावोगाव विकले, हे नातवंडांना त्यातून कळेल. अल्लाह आपल्या कारोबारात बरकत देवो.