लालबागचा संगणक आणि गावाकडची वजनपावती



गेल्या हंगामात आमच्या गट ऑफिसात एक सभासद तावातावाने आले. "साहेब, आठ खेपा गेल्या, मेलवर पावत्या दोनच. काट्याचं काय खरं समजायचं?" आम्ही नोंद पाहिली, आठही पावत्या वेळेवर गेलेल्या. मग गेल्या कुठे? लालबागला! त्यांचा मुलगा तिथे राहतो. त्याने वडिलांचे मेल आपल्या संगणकावर जोडून घेतले होते आणि जोडताना चूक झाली होती.

मेल आपल्या फोनमध्ये नसते. ते मेल कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर असते. फोनमधले ॲप तिथे जाऊन ते आणते, इतकेच.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह महानगरांत इंटरनेट लोकांना खुले केले. तेव्हा दादर-गिरगावचा माणूस घरच्या टेलिफोनला मोडेम लावून निगमच्या संगणकाला नंबर फिरवायचा. स्वस्तातल्या खात्यावर पत्रे निगमच्याच संगणकावर वाचायची. महागड्या खात्यावर ती आपल्या संगणकावर उतरवून घेता येत. तिथेच ठेवून वाचणे आणि उतरवून घेणे, हा फरक आजही आहे आणि लालबागला नेमका तोच नडला.

मेल आणायच्या दोन पद्धती आहेत. 'पॉप' पद्धतीत मेल उतरवून घेतले जाते, आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण नसेल तर तिथून पुसलेही जाते. 'आयमॅप'मध्ये मेल सर्व्हरवरच राहते, दोघांना दिसते. मात्र एकाने खोडले की दोघांचे जाते, हेही ध्यानात ठेवा. मुलाने पॉप निवडले होते. तो दोन दिवस गावी आला, संगणक बंद होता, तेवढ्या दोन पावत्या वडिलांना दिसल्या.

जोडताना ॲप सर्व्हरचे नाव आणि पोर्ट नंबर विचारते. येणाऱ्या मेलसाठी आयमॅपला बहुधा ९९३, पॉपला ९९५. पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५. नंबर बरोबर असून जोडणी होत नसेल तर पासवर्डकडे पाहा. गूगलने मे २०२२ अखेर वैयक्तिक खात्यांना नुसत्या नेहमीच्या पासवर्डवर बाहेरचे ॲप जोडणे बंद केले. आता गूगलच्याच पानावरून परवानगी द्यावी लागते, नाहीतर त्या ॲपपुरता १६ अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढावा लागतो. हे आम्हाला पटते. उद्या मुंबईचा संगणक चोरीला गेला तर तेवढाच पासवर्ड रद्द करायचा, घरचा फोन चालूच राहतो. पण हे काम करून घेताना ओटीपी कुणाला सांगू नका. चिटबॉयलाही नाही, आम्हालाही नाही.

त्या सभासदांचे मेल आम्ही मुलाला फोनवर सांगून आयमॅपवर घेतले आणि लालबागच्या सहा पावत्या परत मागवल्या. वजने तंतोतंत जुळली. एका पावतीवर प्लॉट नंबर चुकला होता; ती चूक आमच्या ऑफिसची, दुरुस्त केली.