नवे कसब शिकताना : भीती आणि 'उद्या' यांवर इलाज

आपले कारागीर बांधव मेहनतीत कोणाला हार जात नाहीत. तरीही एक गोष्ट पुष्कळ दुकानांत पाहावयास मिळते. पेट्या, कोठ्या, कूलर बनविणारा पत्र्याचा कारागीर पै-पै जोडून वेल्डिंगचे मशीन आणतो आणि महिनोन्महिने ते पोत्याखाली झाकून ठेवतो. गेटचे किंवा जाळीचे काम आले की दुसऱ्याकडे पाठवितो. विचारले तर उत्तर ठरलेले : "सीझन संपला की शिकू." सीझन संपतो, मशीन तसेच राहते. मजुरी दुसऱ्याच्या गल्ल्यात जाते आणि हळूहळू गिऱ्हाईकही तिकडेच वळते.

दिवसभर हातोडी चालविणाऱ्या माणसाला आळशी कसे म्हणावे? या टाळाटाळीमागे भीती असते आणि ती दोन प्रकारची असते.

पहिली भीती रास्त आहे. विजेचा झटका, डोळ्यांना इजा, आग. तिच्यावर इलाज साधनांचा. अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावे. हातमोजे चामड्याचे व कोरडे असावेत, पायात बूट, अंगात सुती कपडे. शील्डची काच 10 किंवा 11 नंबरची असावी. उघड्या डोळ्यांनी ठिणगी पाहिली तर काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या धुराने ताप येतो, म्हणून शिकताना तो वापरू नये. पेट्रोल-डिझेलच्या रिकाम्या पिंपाला तर हात लावूच नये, त्याचा स्फोट होतो. एवढी काळजी घेतली की ही भीती आपली राखणदार बनते.

दुसरी भीती लाजेची. शागिर्दांसमोर हात चुकला तर? गिऱ्हाइकाचा माल बिघडला तर? हिच्यावर इलाज सरावाचा, आणि सराव भंगारावरच करावा. 5-6 मिलिमीटर जाडीचे लोखंडी तुकडे घ्यावेत. 3.15 मिलिमीटरचा साधा रॉड घेऊन करंट 90 ते 130 अँपिअरमध्ये ठेवावा. रॉडच्या पाकिटावर हा आकडा छापलेला असतो, तो पाहावा.

पहिल्या दिवशी फक्त ठिणगी पाडावयास शिकावे, दहा वेळा. रॉड चिकटला तर घाबरू नये. शील्ड न काढता होल्डरला झटकन बाजूला पीळ द्यावा. दुसऱ्या दिवसापासून सरळ रेघा ओढाव्यात. रॉडचे टोक लोखंडापासून साधारण रॉडच्या जाडीइतकेच दूर असावे. रेघ उंच व अरुंद आली आणि रॉड चिकटत राहिला तर करंट कमी आहे. कडेला खाच पडली व शिंतोडे उडाले तर करंट जास्त आहे. म्हणजे बिघडलेली रेघसुद्धा उस्तादाचे काम करते.

वेळ रोज अर्धा तासच द्यावा, पण ठरलेला. दुकान उघडण्यापूर्वीची वेळ उत्तम, कारण तेव्हा गिऱ्हाईक नसते. तुकडे व रॉड रात्रीच काढून ठेवावेत, म्हणजे सकाळी बहाणा उरत नाही. प्रत्येक तुकड्यावर खडूने तारीख घालावी. दहाव्या दिवसाचा तुकडा पहिल्याशेजारी ठेवला की लाज आपोआप कमी होते.

मग दोन तुकडे काटकोनात एका बाजूने जोडावेत आणि थंड झाल्यावर हातोडीने मोडून पाहावेत. आत छिद्रे किंवा कीट दिसली तर सराव चालू ठेवावा. सांधा पक्का निघू लागला की आधी स्वतःच्या दुकानाचे स्टूल किंवा मांडणी करावी, नंतर गिऱ्हाइकाची जाळी घ्यावी. जिना, पाण्याच्या टाकीचा सांगाडा अशी वजन पेलणारी कामे मात्र अनुभवी उस्तादाने सांधे पाहून होकार दिल्याशिवाय घेऊ नयेत. ज्यांना वर्ष देता येईल त्यांच्यासाठी आय.टी.आय.चा वेल्डर अभ्यासक्रम आहेच.

चाळिशीतही हात नवे वळण घेतो. आमची विनंती एवढीच की मशीनवरचे पोते आज काढावे आणि उद्या सकाळसाठी भंगाराचे चार तुकडे आज रात्रीच बाजूला ठेवावेत.