मुलाचा ताबा आणि स्थलांतर

समजा, विश्रामबागेतील एका घटस्फोटित भगिनीकडे न्यायालयाने मुलाचा ताबा दिला आहे आणि आता तिला पुण्यात नोकरी मिळाली आहे. मुलाला घेऊन तिने परस्पर निघून जावे काय?

हनफी फिकहनुसार संगोपनाचा हक्क, म्हणजेच हिजानत, मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत मातेचा आहे. मात्र पित्याची भेट दुरापास्त होईल इतक्या दूर तिने मुलाला नेऊ नये. निकाह जेथे झाला ते तिचे माहेर, हा अपवाद. या काळात पित्यानेही मुलाला मातेपासून दूर नेऊ नये.

ह. उमर (रजि.) यांनी कुबा येथे मशिदीच्या अंगणात खेळणाऱ्या आपल्या मुलास, आसिमला, उचलून वाहनावर बसवले. मुलाच्या आजीने त्यांना अडवले. वाद खलीफा ह. अबू बकर (रजि.) यांच्यापुढे गेला. त्यांनी मूल आजीकडे सोपविण्यास सांगितले आणि ह. उमर (रजि.) यांनी तो निर्णय मुकाट्याने मान्य केला.

देशाचा कायदाही हेच सांगतो. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम २६ नुसार न्यायालयाने नेमलेल्या पालकास परवानगीविना पाल्यास त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही. म्हणून त्या भगिनीने आधी अर्ज करावा. नोकरी, शाळा आणि पित्याच्या भेटीचे दिवस त्यात स्पष्ट मांडावेत.

मुलावरून मातेला त्रास होऊ नये आणि पित्यालाही होऊ नये, ही सूरह अल्-बकराच्या २३३ व्या आयतीची शिकवण आहे. मूल ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे. ती कोणाची जिंकलेली मालमत्ता नव्हे.