पोराचं मन सावरायला किती खर्च येतो?

भंडारा जिल्ह्यातल्या आंबागडसारख्या गावात दहावी-बारावीचं पोर गप्प राहू लागलं, ताटावरून उठू लागलं, ‘मी नसलो तरी काय फरक पडतो’ असं बोलू लागलं, की घरच्यांना आधी भीती वाटते आणि लगेच पैशाचा प्रश्न पडतो. नागपूरचा डॉक्टर, गाडीभाडं, गोळ्या. या हिशेबातच आठवडे निघून जातात. २०२२ मध्ये महाराष्ट्रात १,७६४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे, देशात सर्वाधिक. म्हणून आधीच सांगते, पहिल्या मदतीला एक रुपयाही लागत नाही.

केंद्र सरकारची ‘टेलीमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. फोन लागल्यावर भाषा निवडायची, मराठी आहे. पलीकडे समुपदेशक असतो; गरज वाटली तर तो पुढे मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. फोन पोरानंच करावा असं नाही, आईबाबांनीही करावा. पोराशी कसं बोलायचं, हेही तिथे विचारता येतं. ‘मरावंसं वाटतं का?’ असं सरळ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट पोर मोकळं होतं.

प्रत्यक्ष दाखवायचं तर आधी तुमसरचं उपजिल्हा रुग्णालय, पुढे भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी, उपचार निःशुल्क आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांना मात्र ही सवलत लागू नाही, तिथे शुल्क लागतं. मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात, हे आशाताईंकडून किंवा फोन करून आधी विचारून घ्या, नाहीतर फेरी वाया जाते. खरा खर्च तोच असतो: एसटीचं तिकीट आणि बुडालेली मजुरी. आई-मुलगी जाणार असतील तर एसटीत दोघींना अर्धं तिकीट.

खासगी डॉक्टरांची फी ठरलेली नसते. पहिल्या भेटीची किती, फेरतपासणीची किती, समुपदेशनाचे वेगळे पैसे का, हे फोनवरच विचारा. त्यात संकोच कसला? गोळ्या बाहेरून घ्याव्या लागल्या तर चिठ्ठी जनऔषधी केंद्रात दाखवा, बराच फरक पडतो. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. ‘फरक नाही’ म्हणून मध्येच बंद करू नका, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत पोराकडे जास्त लक्ष ठेवा. मेडिक्लेम असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. अंगारे-धुपाऱ्यावर पैसे घालवण्याआधी या सगळ्या वाटा वापरून पाहा, अशी कळकळीची विनंती.

शाळेलाही विचारा. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२५ च्या निर्देशांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा.

धानपट्ट्यातल्या प्रत्येक घरानं एक खर्च मात्र करायलाच हवा: फवारणीच्या औषधांसाठी पेटी आणि कुलूप. किल्ली मोठ्या माणसाकडे.

पोलिसांच्या भीतीनं गप्प बसू नका. कायदा आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र ताणाखालचा मानतो, त्याच्या काळजीची जबाबदारी सरकारवर टाकतो.

आज रात्रीच धोका वाटत असेल तर पोराला एकटं सोडू नका, १०८ लावा. रुग्णवाहिका मोफत येते.