लुक्लाहून वर निघताना

भाचरांनो, ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघताय, तिकिटंही निघाली, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. बुटांपासून उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळ्यांपर्यंत सगळी चौकशी तुम्ही कराल, त्याची मला काळजी नाही. भरियाबद्दल, म्हणजे तिकडच्या ओझं वाहणाऱ्या माणसाबद्दल, मात्र धड कोणी सांगत नाही, आणि सांगितलंच तर 'इतके पैसे घेतो' यापलीकडे जात नाही. म्हणून हे चार शब्द.

भरिया ठेवायचा की नाही यावर वाद घालू नका. ठेवा. 'आपली सॅक आपल्याच पाठीवर' हा सह्याद्रीतला शिरस्ता चांगलाच आहे, मीही तो पाळला. पण आपलं कळसूबाई 1646 मीटर, आणि लुक्लाला विमानातून पाय खाली टेकता तेच 2860 मीटरवर. तिथून वर नामचे 3440, डिंगबोचे 4410, गोरखशेप 5164 आणि बेस कॅम्प 5364. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा. पाठीवर बारा-पंधरा किलो घेऊन तिथे मिरवण्यात काही मोठेपणा नाही. शिवाय वसंतातल्या आणि शरदातल्या या दोन हंगामांच्या कमाईवर खालच्या डोंगरांतली कितीतरी घरं वर्ष काढतात. तुम्ही चौघं आहात, दोन भरिये पुरतील. फक्त एक मनाशी पक्कं करा: तुमची बॅग त्यांच्या पाठीवर गेली की तुमची तुकडी चौघांची नाही, सहा जणांची. पुढचं सगळं यातूनच निघतं.

आता एक गैरसमज. आपल्याकडे बहुतेकांना वाटतं, भरिया म्हणजे शेर्पा आणि शेर्प्याला उंची लागत नाही. तुमची बॅग उचलणारा माणूस बहुधा राई, तमांग किंवा मगर असेल, ओखलढुंगा, खोटांग किंवा सोलूच्या खालच्या गावातला. यातली कितीतरी गावं आपल्या महाबळेश्वरपेक्षा फार उंचावर नाहीत. तो भातशेती करतो, मका लावतो आणि हंगामात ओझी वाहायला वर येतो. त्याला उंची तुमच्याइतकीच लागू शकते. म्हणून पहिल्याच भेटीत नाव विचारल्यावर लगेच 'तपाईंको घर कहाँ हो?' एवढं विचारा. गाव खालचं निघालं, तर नामचेला दोन रात्री आणि डिंगबोचेला दोन रात्री या मुक्कामांची गरज त्यालाही आहे, हे लक्षात ठेवा. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा दिवसाला पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही, हा नियम सहाही जणांचा.

माणूस मिळवण्याचे दोन मार्ग. काठमांडूतल्या एजन्सीकडून किंवा थेट लुक्लाला, लॉजच्या मालकाला सांगून. दुसऱ्या मार्गाने पैसे थोडे वाचतात आणि ते पुरते त्याच्याच हाती पडतात, हे खरं. पण विम्याचं काय? अपघात झाला, हेलिकॉप्टरने खाली आणायची वेळ आली, तर खर्च कोण करणार? चांगली एजन्सी भरियाचा विमा काढते आणि कागद दाखवते. तुम्ही पहिल्यांदाच जाताय, एजन्सीकडूनच घ्या. मात्र ठरवताना दर शेवटी विचारा. आधी विचारा, विमा किती रकमेचा आहे आणि त्यात हेलिकॉप्टर धरलंय का? भरियाच्या हातात रोज किती पडतात? त्याचं जेवणखाण आणि झोपणं त्यातच की वेगळं? ओझ्याची मर्यादा किती? वाटेत ट्रेक सोडावा लागला तर त्याची मजुरी किती दिवसांची? उत्तरं कागदावर घ्या. उडवाउडवी झाली तर उठा, काठमांडूत एजन्स्यांची वाण नाही.

हल्ली दिवसाला साधारण दोन ते तीन हजार नेपाळी रुपये पडतात, दर हंगामाप्रमाणे हलतो. बोलताना 'आयसी' की 'एनसी', म्हणजे आपले की नेपाळी, हे स्पष्ट करा. आपल्या शंभर रुपयांचे त्यांचे एकशेसाठ होतात, आणि शेवटच्या दिवशीची निम्मी भांडणं इथेच होतात. घासाघीस मात्र नको. सार्क देशांतले म्हणून सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क आपल्याला इतर परदेशी पाहुण्यांच्या निम्मंच पडतं. ती वाचलेली रक्कम भरियाच्या रोजातून पुन्हा वाचवायला जाऊ नये. असं करणारे आपले लोक मी पाहिलेत, आणि मला त्याची लाज वाटते.

ओझ्याबद्दल जरा सविस्तर सांगते. वाटेवर तुम्हाला साठ-सत्तर किलोचा माल घेऊन जाणारी माणसं दिसतील. प्लायवूडचे तक्ते, बिअरचे खोके, गॅसची सिलिंडरं. 2005 साली 'सायन्स' या नियतकालिकात नामचेच्या बाजाराकडे माल नेणाऱ्यांवरचा अभ्यास छापून आला होता. पुरुष सरासरी स्वतःच्या वजनाच्या 93 टक्के ओझं नेत होते. ही माणसं किलोवर मजुरी घेतात, कमी उचललं तर कमी पैसे. त्यांच्याकडे बोट दाखवून 'त्याला काय, सवय आहे' असं तुमच्यापैकी कोणी म्हणालं, तर बाकीच्यांनी त्याला तिथेच गप्प करा. 'इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप' ही संस्था नेपाळसाठी 30 किलोची कमाल मर्यादा सांगते. माझं मत विचाराल तर त्याचं स्वतःचं सामान धरून 25 किलोवर जाऊ नका. दोघांत एक भरिया, म्हणजे तुमच्या वाट्याला प्रत्येकी दहा किलो. तसंही लुक्लाच्या छोट्या विमानात हातातलं धरून पंधराच किलो चालतात. दोन जीन्स, मोठा शाम्पू, चिवड्याचे पाच डबे हे घरीच काढून ठेवा. (चिवडा एक डबा न्या. संध्याकाळी चुलीभोवती बसल्यावर त्यांनाही द्या.) लुक्लाला लॉजमध्ये काटा मागा आणि त्याच्यासमोर वजन करा.

चाकाची किंवा चौकोनी बॅग न्यायची नाही. मऊ डफल न्या. भरिया ती पट्ट्यांनी खांद्यावर घेत नाही. तो दोन डफल एकावर एक आडव्या ठेवतो, दोरीने काचून बांधतो, खालून नाम्लो घालतो. हा नाम्लो म्हणजे रुंद पट्टा, तो कपाळाच्या जरा वर, टाळूकडे टेकतो, आणि सगळा भार मानेतून पाठीच्या कण्यात उतरतो. हातात इंग्रजी टी अक्षरासारखी आखूड काठी असते, टोकमा. चढावर तो अचानक थांबेल, टोकमा मागे घेऊन ओझ्याखाली टेकवेल आणि उभ्याउभ्याच भार तिच्यावर सोडेल. ओठांतून शीळ घालावी तसा लांब श्वास बाहेर पडेल. अशा वेळी पाठीमागून जाऊन बोलू नका, फोटोसाठी हाक मारू नका. मिनिटभरात तो पुन्हा चालू लागतो. भार असा सगळा पाठीवर उतरतो, म्हणूनच डफलमध्ये टोकदार, कडक वस्तू आणि भरलेल्या बाटल्या नकोत. कपडे प्लास्टिकच्या पिशव्यांत भरा. पाऊस आला तर त्याच्यासाठी आणि ओझ्यासाठी पुरेल असा एक मोठा प्लास्टिकचा कागद लुक्लालाच घेऊन त्याला द्या.

तो तुमच्या बरोबरीने चालणार नाही, त्याचा वेग त्याला ठरवू द्या. कधी तासभर पुढे असेल, कधी मागे. त्यामुळे औषधं, पासपोर्ट, पैसे, पाणी, हेडलॅम्प, पावसाचं जाकीट आणि डाऊन जाकीट सतत तुमच्या स्वतःच्या पाठीवर. झुलत्या पुलावर ओझेवाला समोरून येत असेल तर आधी त्याला येऊ द्या. याक आले तर डोंगराच्या बाजूला उभं राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही.

लुक्ला सोडण्यापूर्वी एक काम करायचं. संकोच वाटेल, तरी करा. त्याचं सामान उघडून दाखवायला सांगा, मानाने, दाजू (दादा) किंवा भाइ म्हणून. बूट बर्फात चालतील असे आहेत? गरम जाकीट? हातमोजे, टोपी, काळा चष्मा? आमच्या एका ट्रेकला भरिया अगदी हसतमुख पोरगा होता. त्याच्या बुटाचा तळ पुढून उघडला होता आणि त्याने तो नायलॉनच्या सुतळीने बांधला होता. विचारलं तर म्हणाला, 'हुन्छ, हुन्छ.' चालेल, चालेल. नामचेच्या दुकानात आम्ही त्याला बूट घेऊन दिले. तो तीनदा नको म्हणाला आणि चौथ्यांदा मापाचे शोधू लागला. हे दान समजू नका, ही तुकडीची गरज आहे. काठमांडूत 'कीप' नावाच्या संस्थेकडे भरियांसाठी कपड्यांची पेढी आहे, तिथून कपडे मिळू शकतात. परत येताना तुमचे चांगले कपडे तिथेच देऊन या.

कपड्यांचा इतका आग्रह का, तर 2014चा ऑक्टोबर आठवा. हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं, आणि दोनच दिवसांत त्याच्या उरलेल्या ढगांनी अन्नपूर्णा भागातल्या थोरांग ला खिंडीत, 5416 मीटरवर, हिमवादळ आणलं. किमान 43 माणसं गेली. त्यात परदेशी ट्रेकर होते तसे नेपाळी वाटाडे आणि भरियेही होते. आणि तो महिना एरवी सर्वांत निरभ्र आकाशाचा मानला जातो.

आता सर्वांत महत्त्वाचं. रोज संध्याकाळी तुम्ही एकमेकांना विचारता ना, डोकं दुखतंय का, जेवण गेलं का, चक्कर येतेय का, झोप लागली का? हेच प्रश्न दोन्ही भरियांना विचारा. ते 'ठीक छ' म्हणतील. आजारी म्हटलं की परत पाठवतील, रोज बुडेल, ही भीती असते. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाका: आजारी पडलात तरी ठरलेल्या सगळ्या दिवसांचे पैसे मिळतील. हे वाक्य नेपाळीत लिहून घ्या आणि लॉजवाल्याकडून त्यांच्यासमोर म्हणवून घ्या. मग ते खरं बोलतील.

आणि तोंडाने नाही सांगितलं तरी डोळ्यांना दिसतं. भात टाकून दिला, स्वस्थ बसूनही धाप लागतेय, खोकला थांबत नाही, पावलं वेडीवाकडी पडतायत. एका रेषेत टाच-बोट लावून दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर सकाळची वाट बघू नका. लगेच खाली. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, हंगामात तिथे डॉक्टर असतात.

खाली पाठवायचं तर एकट्याला कधीही नाही. 1997 मध्ये विशीतल्या एका नेपाळी भरियाला उंचीचा त्रास झाला, तर त्याचा हिशोब चुकता करून त्याला एकट्यालाच खाली धाडलं. तो वाचला नाही. ओझ्याची मर्यादा सांगणारी ती 'पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप' संस्था त्यानंतरच उभी राहिली. म्हणून आजारी भरियाबरोबर त्याची भाषा बोलणारा माणूस द्या. काय त्रास आहे आणि काय औषध दिलंय याची चिठ्ठी द्या, खिशात पैसे द्या. दुसरा माणूस मिळेना, तर तुमच्यापैकी एकाने जायचं. त्यात तुमचा बेस कॅम्प हुकेल. हुकू द्या, तो पुढच्या वर्षीही तिथेच असतो.

वर गेल्यावर रात्री तो कुठे झोपतो हेही बघा. हंगामात गोरखशेपला खोल्या भरलेल्या असतात आणि भरिये जेवणघरातल्या बाकांवर झोपतात. पाहुणे आठ-साडेआठपर्यंत गप्पा मारत बसले की त्यांना झोपायला तितका उशीर. तुम्ही जेवणघरातून लवकर उठा. त्याला ब्लँकेट मिळालंय का, पोटभर दालभात झालाय का, हे लॉजवाल्याला तुम्ही विचारलंत तर फरक पडतो.

शेवटी पैसे. लुक्लाला परतल्यावर बक्षिसी पाकिटात घालून त्याच्याच हातात द्यायची, दुसऱ्या कोणामार्फत नाही. आठवड्यामागे निदान एका दिवसाची मजुरी हा माझा हिशोब, वर तुमची खुशी. तुम्ही जाताय ते दसऱ्या-दिवाळीचे दिवस. तिकडे दशैं आणि तिहार. आपल्या भाऊबीजेला तिकडे भाइटीका असते आणि ते दोघं त्या वेळी तुमच्या बॅगा घेऊन वर असतील. त्यांच्या घरच्यांसाठी थोडं जास्त द्या.

सुट्ट्या नोटा काठमांडूहूनच न्या. आणि एजन्सीला आजच फोन करा. विम्याचा कागद आधी बघायला मागा, मगच आगाऊ रक्कम भरा.