लेबल नाही, म्हणून सोफा नको?

प्रश्न : लंडनहून पुण्याला परततोय. धर्मादाय दुकानाच्या माणसांनी आमचा धडधाकट सोफा दारातूनच नाकारला. दान देतानाही एवढे नखरे?

उत्तर : नखरे नव्हेत, कायदा आहे. दुकान तुमचा सोफा विकणार, आणि ब्रिटनच्या 1988च्या अग्निसुरक्षा नियमांप्रमाणे गादीच्या फर्निचरवर कायमचं लेबल लागतं. बैठकीच्या उशा काढून किंवा सोफा उलटा करून पाहा; बहुधा तिथेच शिवलेलं असतं. टोचतं म्हणून कुणी कापलं असेल तर विषय संपला. (आपल्याकडे हा उद्योग हमखास होतो!) लाकडी टेबल, कपाटाला ही अट नाही. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन ही धर्मादाय संस्था फर्निचर घरून मोफत नेते. गाडी बोलावण्याआधी लेबलचा फोटो मात्र काढून ठेवा.